थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा बेत

प्रश्न: नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला, आमच्याकडे १० माणसे जेवायला असतील, त्यांपैकी ३ शाकाहारी आहेत. टर्की (मोठा पक्षी), स्टफिंग (पावाचे सारण), क्रॅनबेरी सॉस आणि पंपकिन पाय (भोपळ्याचा गोड पदार्थ) ठेवायचेच आहेत. ओव्हन मात्र एकच आहे. आखणी कशी करावी?

उत्तर १: सात जणांना १० पौंडांची टर्की पुरेल. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये बर्फ सुटून मऊ व्हायला दर ४ ते ५ पौंडांमागे एक दिवस लागतो, म्हणून ती सोमवारी सकाळीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये ठेवावी. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर १६५ अंश फॅरनहाइट दाखवेपर्यंत ती भाजावी. केवळ रंगावर कृपया विसंबू नये.

उत्तर २: क्रॅनबेरी सॉस आणि पंपकिन पाय बुधवारीच करावेत. भाजलेली टर्की कापण्यापूर्वी अर्धा तास तशीच ठेवायची असते, त्या वेळात रिकाम्या ओव्हनमध्ये स्टफिंग भाजता येते. ते टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात, भाज्यांच्या स्टॉकमध्ये (भाज्या उकळून काढलेल्या पाण्यात) केल्यास सर्वांना चालेल.

उत्तर ३: शाकाहारी पाहुण्यांनाही मुख्य पदार्थ हवाच, वाइल्ड राइस आणि पेकन (अक्रोडासारखा सुका मेवा) भरलेला भोपळा, सोबत मशरूमची ग्रेव्ही मला सर्वांत योग्य वाटते. रताळ्यांवर मार्शमॅलो घालणार असाल, तर त्यात बहुधा प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असते, हे लक्षात घ्यावे.