मदत हवी आहे : किलोग्रॅमची नवी व्याख्या सोप्या मराठीत कशी सांगावी?

नमस्कार. सोलापुरात आमच्या पेठेतल्या वाचनालयात पुढच्या महिन्यात मला मापनाच्या एककांवर बोलायचे असून, श्रोत्यांत चादर कारखान्यांतले कामगार, किराणा दुकानदार आणि शाळकरी मुले असतील. मीटरचे मी निभावून नेईन. प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जितके अंतर कापतो ते एक मीटर, हे लोकांना पटते.

खरी अडचण किलोग्रॅमची आहे. पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा म्हणजेच १८८९पासूनचा किलोग्रॅम, हे मी परवा एका दुकानदारांना सांगितले, तेव्हा बुडाला शिसे भरून शिक्का मारलेले आपले लोखंडी वजन उचलून ते म्हणाले, "म्हणजे ह्याचा मूळपुरुष!" इतका नेमका शब्द मलाही सुचला नव्हता. परंतु २० मे २०१९पासून तो ठोकळा बाजूला होऊन प्लँकच्या स्थिरांकाचे, म्हणजे निसर्गातल्या एका कधीही न बदलणाऱ्या राशीचे, मूल्य कायमचे ठरवले गेले आणि किलोग्रॅम त्यावरून ठरू लागला, हे सांगताना माझे शब्द अपुरे पडतात. विद्युतचुंबकीय बलाने वस्तू तोलणाऱ्या किबल तराजूपासून सुरुवात करावी, की ठोकळा आणि त्याच्या प्रतिकृती यांच्या वजनांत शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली तिथपासून?

गणित टाळून, तरीही काही चुकीचे न सांगता, हे कोणी समजावले असल्यास तो दाखला कृपया कळवावा. 'स्थिरांक' या शब्दाला बोलीतला पर्याय सुचल्यास तोही हवा आहे.