शब्दचर्चा: घोर, चिंता, काळजी आणि ‘समुपदेशन’

जालनेकर: ज्यांना सारखी धास्ती वाटते, झोप लागत नाही, अशांसाठी आमच्या चर्चचे पाळकसाहेब दर शनिवारी वेळ देणार आहेत. पत्रक माझ्या गळ्यात पडलं. ‘चिंताग्रस्तांसाठी पाळकीय समुपदेशन’ असं लिहून दाखवलं, तर मंडळीतल्या एक काकू म्हणाल्या, “म्हंजी अजून उपदेशच का? रविवारी ऐकतोच की.” दुसरं काही सुचवा.

शब्दवेडी, परभणी: काकूंचा कान तिखट आहे! सम् + उपदेशन, उपदेश आत बसलेलाच आहे. आणि काम नेमकं उलटं, पाळकानं गप बसून ऐकायचं. सरळ ‘मन मोकळं करायला या’ लिहा.

जालनेकर: आणि चिंता की काळजी?

जुना वाचक: बायबलात १ पेत्र ५:७ बघा. ‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ ग्रीकमध्येही तिथं दोन वेगळे शब्द आहेत, मेरिम्ना आणि मेलेइ. मराठीत दोन्हीकडे ‘काळजी’ चाललं असतं, पण गोंधळ झाला असता. आपल्याकडं काळजी केली की माणूस झुरतो, घेतली की जपतो. सगळा खेळ क्रियापदाचा.

शब्दवेडी, परभणी: क्रियापदावरूनच पुढं. चिंता आपण ‘करतो’, घोर ‘लागतो’. आमच्याकडं बाई म्हणते, “पोरगं पुण्याला गेल्यापासून जिवाला लई घोर लागलाय, भाकर घशाखाली उतरंना.” तिनं काही केलेलं नसतं, तिला लागलेलं असतं. मत्तय ६:२५ मधलं ‘चिंता करत बसू नका’ माझ्याही आवडीचं, पण रात्री तीनला घाम फुटून उठणाऱ्याला त्यातून ‘तूच करतोयस’ एवढंच ऐकू येतं. मग विश्वास कमी पडला म्हणून आणखी एक घोर.

सिस्टर: शब्द घोरच ठेवा, पण धडधड, थरथर, झोप उडणं आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरकडं पाठवायचं हे पाळकांनाही सांगा. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही. पत्रकाच्या तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाका, फुकट आहे.

जालनेकर: टाकला. वर मोठ्या अक्षरात ‘जिवाला घोर लागलाय? या, बसा, बोला.’ काकूंना दाखवलं. म्हणाल्या, “हां, आता कळलं. पण शनिवारी बाजार असतोय, शुक्रवारी ठिवा.”