लिफ्ट केलेल्या जुन्या पिकअपचे मागचे पाटे वाजायलेत, गाडी उजवीकडं ओढते

जांबोटीवाला
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घाला. माझ्याकडं 2007 ची पिकअप आहे, दोन वर्षांमागं सेकंडहँड घेतली, पहिल्या मालकानं ती उंच करून घेतलेली आणि कणकुंबीकडं पावसात चिखलातनं जायला बरी पडते म्हणून मी पण तशीच ठेवली. पुढं-मागं पाटेच (पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत. गेल्या पावसाळ्यापासनं तीन गोष्टी व्हायलेत. क्लच सोडला की मागनं एकदा कट्ट करून आवाज येतो, ब्रेक मारला की परत तसाच. रताळ्याची पोती भरून चढाला पहिल्या गिअरमध्ये उचलली की अख्खी केबिन थरथरते, जरा वेग धरला की थांबतं. आणि गाडी उजवीकडं ओढते, स्टेअरिंग थोडं डावीकडं धरूनच बसावं लागतंय. चोर्ला घाटाच्या रस्त्याला समोरनं गोव्याचे ट्रक येतात, घरची पोरं पण ह्याच गाडीतनं शाळेला जातात, त्यामुळं खरंच काळजी लागून राहिली आहे. अलाइनमेंट दोनदा केली, टायर पुढचे मागं करून बघितले, शॉकअप नवीन घातले. एक गॅरेजवाला म्हणतोय मागचे सगळे पाटे बदला. पाटे गेलेत काय खरंच? की दुसरं काय असेल?

उद्यमबाग_मेस्त्री
भाऊ, पाटे बदलायच्या आधी एक टेप घ्या आणि गाडीखाली जावा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, जॅकवर नको, चाकांवर वजन पाहिजे. मागच्या पाट्याचा पुढचा डोळा (टोकाची गोल वळी) जिथं चेसीला बोल्टनं अडकवलाय त्या बोल्टच्या मधापासनं हौसिंगच्या (मागच्या दोन चाकांमधला आडवा लोखंडी नळा) मधापर्यंत माप घ्या, डावीकडं एक आणि उजवीकडं एक. ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खूण केली तर माप चुकत नाही. दोन्ही बाजूला दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, पण डावी बाजू मागं सरकलेली सापडली तर गाडी उजवीकडंच ओढणार, पुढची अलाइनमेंट दहा वेळा केली तरी ते जाणार नाही कारण दोष मागच्या हौसिंगचा आहे.

माझा संशय यू बोल्टवर (पाटा हौसिंगला बांधणारे) आणि सेंटर बोल्टवर (पाट्यांच्या मधल्या भोकातला) आहे. लोकांना वाटतं हौसिंग सेंटर बोल्टनं धरलंय, तसं नाही ओ, तो बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो, खरं धरून ठेवतात ते चार यू बोल्ट दाबून. यू बोल्ट ढिले पडले की हौसिंग पाट्यावर मागं-पुढं घसरायला लागतं आणि मग सगळा मार त्या बारीक सेंटर बोल्टवर येऊन तो कातरतो. क्लचला एकदा आणि ब्रेकला एकदा आवाज, हे त्याचंच लक्षण. यू बोल्टच्या प्लेटजवळ बारकाईनं बघा, लालसर गंजाची पावडर किंवा घासून चकाकलेली जागा दिसली तर तिथं हालचाल चाललीय समजा.

आणि एक सांगा, मागं उंची कशानं वाढवलीय? पाट्याला कमान मारलीय म्हणजे जास्त वाकवलाय, शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणारी कडी) लांब केलाय, का मध्ये ब्लॉक घातलाय?

जांबोटीवाला
मेस्त्री, आत्ताच खाली जाऊन बघितलं. पाटा आणि हौसिंगच्या मध्ये तीन इंचाचा ब्लॉक आहे, चौकोनी पाईप कापून वेल्डिंग मारल्यासारखा दिसतोय. पुढं ब्लॉक नाही, पाटे कमानीचे आहेत. टेपचं उद्या सकाळी उजेडात बघतो.

निपाणी_ऊसवाला
दादा तो वेल्डिंगचा ब्लॉक आधी काढा, थांबू नका. माझ्या गाडीला पण असंच होतं. थरथर होते ती त्याच्यामुळंच, ब्लॉक म्हणजे तरफ झाली की, इंजिनानं जोर लावला की हौसिंग वर फिरायला बघतं, पाटा एस आकारात पिळतो आणि सुटतो, परत पिळतो, लोड असला आणि चढ असला की जास्त.

मी ब्लॉक काढून टाकला आणि गावातल्या एका कारागिराकडनं पाटे गॅसनं तापवून कमान मारून घेतली, ते पण चुकलं. चार महिन्यात पाटे परत बसले, उसाच्या लोडला तर सरळ पट्टीच. पाट्याचं पोलाद कारखान्यात पाणी देऊन तयार केलेलं असतं, गॅसचा जाळ लावला की ते पाणी उतरतं. कमान मारायची तर थंडच मारणारा माणूस शोधा, नाहीतर नवीन पाटा घ्या. पाटे खोललाच तर रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं धुवा आणि सेंटर बोल्टच्या भोकाजवळ केसासारखी चीर आहे का बघा, माझा मेन पाटा तिथंच तडकला होता आणि वरनं काहीच दिसत नव्हतं.

बेळगावकर_22
एक वेगळी गोष्ट, ब्रेककडं कुणी बघितलं का? बऱ्याच पिकअपला मागच्या ब्रेकच्या लाईनवर लोड ओळखणारा वॉल्व्ह असतो, बारीक सळईनं हौसिंगला जोडलेला. गाडी उंच केली की चेसी आणि हौसिंगमधलं अंतर वाढतं, वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करून टाकतो. पोती भरून घाट उतरताना बराचसा ब्रेक पुढच्या चाकांवर येतो. त्याची सळई नवीन उंचीप्रमाणं जुळवून घ्या, आणि ब्रेकचा रबरी पाईप चाक खाली लोंबकळताना ताणतोय का ते पण बघा. बाकी मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं आरसी वर नसलेला असा बदल चालत नाही, अपघात झाला तर विम्याला पण त्रास होतो. पोरं बसतात म्हणालात म्हणून सांगितलं, राग मानू नका.

जांबोटीवाला
राग कसला, उपकारच झाले. माप घेतलं. उजवीकडं आणि डावीकडं 17 मिलिमीटरचा फरक आला, डावी बाजू मागं. मग मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणं यू बोल्टला पाना लावला तर डावीकडचे दोन नट हातानं फिरले. हातानं! खोलल्यावर सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात तसंच बसलेलं आणि बाकीचा दांडा वेगळा, तुटलेली जागा अर्धी काळी गंजलेली आणि अर्धी नवीन चकचकीत. म्हणजे अर्धा बोल्ट तर कधीचाच गेलेला. पाटे रॉकेलनं धुतले, मेन पाट्याला चीर नाही, पण खालून दुसऱ्याला भोकाला एक बारीक रेघ दिसतेय, तो एकच बदलणार. ब्लॉक काढूनच टाकतो, मूळ उंचीला आणतो. आता बसवताना काय सांभाळायचं तेवढं सांगा.

उद्यमबाग_मेस्त्री
यू बोल्ट जुने परत वापरू नका. ते एकदा ताणले की ताणलेच, आणि ब्लॉकसाठीचे लांब आहेत, तुम्हाला आखूडच लागतील. सेंटर बोल्ट चांगल्या ग्रेडचा, डोकं हौसिंगच्या खाचेत पूर्ण बसलंय बघूनच यू बोल्ट आवळायला घ्या, त्या चाकाकडचे चारी नट आडवे-तिडवे थोडे थोडे, एका बाजूचे आधी पूर्ण नको. पाटा आणि हौसिंगच्या मधली जागा घासून साफ करा, तिथं रंग किंवा ग्रीस ठेवलं की ते दबून जातं आणि नट परत ढिले पडतात.

रबर बुशचे डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आधी नुसते घाला, गाडी चाकांवर उभी करून एकदोनदा दाबा आणि मगच पूर्ण आवळा. हवेत लटकताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि सहा महिन्यात फाटतं. मूळ उंचीला आणल्यावर तुम्ही नवीन घातलेले शॉकअप त्या उंचीचे आहेत का ते बघा, लिफ्टचे लांब असतील तर खड्ड्यात आदळून फुटतील. वॉल्व्हची सळई पण परत मूळ जागी आणा. पुढचे पाटे कमानीचे राहिले तर गाडी नाक वर करून उभी राहील, ते पण उतरवा, पण आधी मागचं नीट होऊ दे.

शेवटी नट आणि प्लेट दोन्हीवर मिळून पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारा. शंभर किलोमीटरनंतर परत आवळा, पाचशेला परत. रोज सकाळी गाडी काढताना वाकून रेघेकडं नजर टाका, तुटलेली दिसली तर नट फिरलाय, पोती भरायच्या आधी आवळायचा.

जांबोटीवाला
रेघ मारली. खानापूर-जांबोटी तीन खेपा झाल्या, कट्ट बंद आहे, स्टेअरिंग सरळ राहतंय. रविवारी शंभर पूर्ण होतील, पाना गाडीतच ठेवलाय.