ग्वांगझूला पहिल्यांदा चाललो, नागपुरातूनच काय काय करून ठेवू?

इतवारीचा_दिवेवाला
नमस्कार मंडळी. इतवारीत आमचं लाइटच्या सामानाचं दुकान आहे. यंदा चीनमध्ये ग्वांगझूला कँटन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला जाऊन राहिलो, १५ ते १९ ऑक्टोबरचा पहिला टप्पा. सोबत बाबा, वय ६८. एजंट म्हणतो "काही टेन्शन नाही", आणि तो असं म्हणाला की मला जास्तच टेन्शन येतं. दोघंही शाकाहारी. पैसे कसे न्यायचे, फोन चालेल का, जेवायचं काय? बाबा दर रविवारी दीक्षाभूमीवर जाणारे, त्यांना तिथलं एखादं जुनं बौद्ध विहार पाहायचं आहे.

खेळणीवाले_काका
दिवेवाले भाऊ, एजंटचं सोडा. माझ्या चार वाऱ्या झाल्या. (खेळणी तिसऱ्या टप्प्यात असतात, म्हणून आपली भेट काही व्हायची नाही.) जे करायचं ते फोनमध्ये, आणि नागपूर सोडायच्या आत.

आपलं यूपीआय तिथं विसरा. आपल्या पानठेल्याएवढ्या टपरीवरही क्यूआर लावलेला, पण अलीपेचा नाहीतर वीचॅटचा, म्हणजे तिथल्या पैसे द्यायच्या अ‍ॅपचा. अलीपे घरीच टाका, पासपोर्टची माहिती भरा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेत सांगून आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. २०० युआनच्या वरच्या बिलाला परदेशी कार्डावर ३ टक्के जास्तीचे कापतात, तेवढं ध्यानात असू द्या.

पहिल्या वारीला मी म्हटलं, हे काय, तिथं जाऊन करू. सिमवर रोमिंग नव्हतं, ओटीपी काही येईना. रात्री साडेदहाला हॉटेलखालच्या दुकानात दोन युआनची पाण्याची बाटली घेतली, हातात शंभराची नोट. बाईने नोट पाहिली, मग मला पाहिलं, आणि गल्ला उघडून दाखवला. आत दोन किल्ल्या अन् च्युइंगमचं पाकीट! चिल्लर ठेवतच नाहीत बाप्पा. बाटली परत ठेवली, खोलीवर जाऊन किटलीत नळाचं पाणी उकळलं, खिडकीत ठेवून गार केलं आणि प्यालो. नळाचं पाणी तसंच पिऊ नका, तिथले लोकही पीत नाहीत. तेव्हापासून मी दहा-वीसच्या नोटांचं एक बंडल वेगळं ठेवतो.

फोनचं म्हणाल तर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब सगळं बंद. आपलंच सिम रोमिंगवर असलं तर सहसा चालतं, हॉटेलच्या वायफायवर मात्र नाही. नकाशाला अ‍ॅमॅप टाका. टॅक्सीसाठी दीदी, ती अलीपेच्या आतच मिळते. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत आहे असा फोटो काढून ठेवा, इंग्रजी पत्ता ड्रायव्हरच्या काही कामाचा नाही.

विमानतळावरून मेट्रोची ३ नंबर लाइन शहरात येते, प्रदर्शन पाझौला, तिथवरही मेट्रो आहे. दर स्टेशनला बॅग मशीनमधून जाते. बाबांना सांगा घाबरू नका, आपल्या नागपूर मेट्रोचे डबेही चीनमधल्या दालियानहूनच आलेत. एका दिवसात सगळं प्रदर्शन पाहू म्हणाल तर पाय जातील. चपला जुन्याच घाला.

मनीषनगरची_सून
जेवणाचं मी सांगते, दोन वर्षं काढली आहेत तिथं. "व्हेज" म्हणून काही होत नाही. नुसत्या पालेभाजीवरही ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस घालतात, आणि सूप हाडांचं असतं. "वो च्र सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं म्हणा. पण त्यावर विसंबू नका. मांस, मासे, अंडी, हाडांचं पाणी, ऑयस्टर सॉस, चरबी नको, असं चिनीत लिहून घेऊन कागद पुढे करा. विहारांजवळ शाकाहारी खानावळी असतात, तिथं निर्धास्त जेवा. बाकी सकाळी खोलीत दडप्याचे पोहे तरी होतातच. तर्री मात्र नागपुरातच.

बाबांना हुआलिन विहारात न्या, मेट्रो लाइन १, छांगशौ लू स्टेशन. बौद्ध भिक्खू बोधिधर्म भारतातून समुद्रमार्गे आले ते इथेच उतरले, अशी परंपरा आहे. शेजारी जेडच्या दगडांचा बाजार, गोंगाट आहे. बाबांना आधी विहार दाखवा, बाजारात शिरलात तर दुपार गेली.

जुना_धंतोलीकर
एक अवांतर. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यात सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना ठाऊक. पण त्याच पथकातले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे. ते पथक आत गेलं तेही ग्वांगझूवरूनच. दिवेवाले, तुमच्या आधी नागपूरकर तिथं पोचलेला आहे.

इतवारीचा_दिवेवाला
काका, वहिनी, सगळं वहीत उतरवून घेतलं. कार्डाचं आजच बँकेत जाऊन करतो. बाबांचा एक प्रश्न राहिला: तिथल्या माल देणाऱ्या पार्टीला भेट म्हणून आपली संत्री नेता येतील का?

मनीषनगरची_सून
नाही हो! ताजी फळं कस्टमवाले काढून घेतात. उलट तुम्हीच तिथून चेनपी आणा. ग्वांगदोंग प्रांतातल्या शिनहुई गावच्या संत्र्याची वाळवलेली साल. किमान तीन वर्षं मुरवतात, जितकी जुनी तितकी महाग. काचेच्या बरण्यांत काळपट तपकिरी साली, बरणीवर वर्ष लिहिलेलं. झाकण उघडून दुकानदाराने नाकाशी धरली तेव्हा मला कळमन्याचा संत्रा बाजारच आठवला. आपण ती साल रोज कचऱ्यात टाकतो म्हणून सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी गच्चीवर सुपात साली घातल्या आहेत. दुसरं वर्ष चालू आहे.