घरात सिकलसेल, अंगावर पाच देणी: आधी कोणतं फेडायचं?

धुऱ्यावरून

नमस्कार. सिंदेवाही तालुक्यातल्या एका घराचा हिशेब मांडतो. नवरा-बायको, दोन मुलं. अडीच एकर धानाच्या बांध्या (भातशेतीचे तुकडे), सगळं पावसावर. नवऱ्याला, म्हणजे भाऊंना सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार), एसएस म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. दुखणं उठलं की सहा-आठ दिवस जातात आणि जवळ बसावं लागतं म्हणून बाईंची मजुरीही बुडते. महिन्याकाठी सरासरी ९,००० येतात, लाडकी बहीणचे १,५०० धरून.

देणं असं आहे. सोसायटीचं पीककर्ज ५०,०००. एका मायक्रोफायनान्स कंपनीची बाकी २८,०००, किस्त २,१५०. दुसऱ्या फायनान्सची बाकी १७,०००, किस्त १,७००. दोन्हीचा दर २४ टक्के. गावातल्या माणसाकडून दवाखान्यासाठी घेतलेले ३०,०००, ३ रुपये शेकडा. त्याचे महिन्याला ९०० नुसते व्याजाचे जातात. अडीच वर्षं झाली, मुद्दल जागच्या जागी. कोरा चेक आणि सही केलेला स्टॅम्प त्याच्याकडे आहे. किराण्याची उधारी ६,०००. शिवाय खाजगी दवाखाना आणि मेडिकल मिळून महिन्याला १,४०० च्या आसपास.

पहिला फायनान्सवाला म्हणतो, ५०,००० चं नवीन कर्ज घ्या, जुनं त्यातच कापून घेऊ, हातात पैसे येतील, सावकार मोकळा करा. घेऊ द्यावं का? बाई बचत गटात आहेत, गटाचं कर्ज सध्या नाही. आणि पैसे वाचवायला भाऊ गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागले आहेत, ते वेगळंच.

हिशेबवही

नवीन कर्ज घेऊ देऊ नका. ५०,००० मधून जुने २८,००० कापले की २२,००० उरतात. त्यातून प्रोसेसिंग फी आणि विम्याचा हप्ता जातो. म्हणजे सावकाराचे ३०,००० त्यात भागतच नाहीत. आज या कर्जाच्या २,१५० च्या साधारण पंधरा-सोळा किस्ती उरल्या आहेत. नवीन कर्ज २४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी धरलं तर किस्त २,६४० च्या आसपास बसते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

आता क्रम. लोक सगळ्यात मोठी रक्कम आधी बघतात, तिथेच चुकतं. बघायचं ते हे की १०० रुपयांना महिन्याला किती जातात आणि मुद्दल कमी होतं का. फायनान्सचा दर महिन्याला २ रुपये पडतो, पण प्रत्येक किस्तीत मुद्दल उतरतं. १७,००० चं कर्ज साधारण अकरा-बारा किस्तींत आपोआप संपेल. त्याला जादा पैसे लावायची गरज नाही, फक्त किस्त चुकू नये. सावकाराचे ९०० मात्र नुसते वाहून जातात, वर्षाला १०,८००.

म्हणून सावकाराचं कर्ज गटाच्या कर्जावर न्या. गटाचा दर १ रुपया शेकडा असेल आणि तेच ९०० दर महिन्याला गटात भरले, तर अकरा महिन्यांनी ३०,००० चे साधारण २३,००० होतात. तोवर दुसरं फायनान्स संपतं. त्याचे १,७०० यात मिळवून २,६०० भरायला लागलं की आणखी दहा महिन्यांत गटाचं कर्ज निल. एकूण एकवीस महिने, आणि खिशातून आजच्यापेक्षा एक रुपयाही जास्त जात नाही. मोकळे झालेले १,७०० घरखर्चात विरघळू द्यायचे नाहीत, सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

त्याच्याही आधी एक काम. ३,००० ते ३,५०० रुपये दुखण्यासाठी बाजूला पडले पाहिजेत. ३०० रुपये रोजाने दोन माणसांचे सहा दिवस म्हणजे ३,६०० ची मजुरी बुडते. हा पैसा घरात नसला की त्या आठवड्यात पुन्हा सावकाराचं दार. धान विकलं की आधी हे पैसे बाजूला, मग किराणा.

गटसखी

गटातून कर्ज मिळतं, पण मागायची रीत असते. बैठकीत तोंडी मागून भागत नाही. गटाच्या कर्ज मागणी आराखड्यात बाईंचं नाव, कारण आणि परतफेडीचे महिने लिहून घ्या. कारणात 'घरखर्च' लिहू नका, 'सावकारी कर्ज फेड' असं स्पष्ट लिहा. गटाच्या पेटीत तेवढे पैसे नसतील तर ग्रामसंघाकडून (गावातल्या बचत गटांचा संघ) समुदाय गुंतवणूक निधी मागता येतो. आजारपणासाठी ग्रामसंघात जोखीम प्रवणता निधी वेगळा असतो, तोही विचारा. अडतं कुठे, तर बैठकांची हजेरी आणि बचत तुटक असते तिथे. आधीचे दोन-तीन महिने बचत वेळेवर टाका, मग मागा.

सावकाराशी बोलण्याआधी कागदावर आकडा मांडा. परवानाधारक सावकाराला शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. ३०,००० वर अडीच वर्षांचे होतात १३,५००. यांनी भरले २७,०००. म्हणजे १३,५०० जादा गेलेत. या माणसाकडे परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे त्याचा धंदाच गुन्हा ठरतो आणि परवान्याशिवाय दिलेल्या पैशासाठी कोर्ट त्याला हुकूमनामा देत नाही. व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. हे शांतपणे सांगितलं की बरेचदा १८-२० हजारांवर तोड निघते. तेवढंच कर्ज गटातून घ्या.

पैसे देताना दोन साक्षीदार सोबत ठेवा. चेक आणि स्टॅम्प हातात आल्याशिवाय रक्कम पुढे करू नका. 'नंतर शोधून देतो' म्हणाला तर उठून या. रक्कम शक्यतो खात्यातून द्या, म्हणजे नोंद राहते. कागद देतच नसेल किंवा दमदाटी करत असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. त्याने चेक बँकेत टाकून नोटीस पाठवली तर ती पिशवीत ठेवून देऊ नका, १५ दिवसांची मुदत असते. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून बाईंना मोफत वकील मिळतो, महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि काहीही झालं तरी बांध्यांचं विक्रीखत 'तारण म्हणून' करून देऊ नये.

सिकल_समुपदेशन

गोळ्या एक दिवसाआड घेणं आज थांबवा. या घराला सगळ्यात महाग पडतंय ते हेच. हायड्रॉक्सियुरिया ही सिकलची कॅप्सूल रोज घेतली तरच दुखणं उठायचं प्रमाण कमी होतं. आठवडाभर वाचवलेल्या गोळ्यांची किंमत एका दिवसाच्या मजुरीएवढीही नसते, आणि एक दुखणं ३,६०० खाऊन जातं.

त्यातही ही कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिड सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध कशालाच पैसे नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या असतील तर आशाताईंना सांगा आणि ग्रामीण रुग्णालयात जा. महिन्याभराच्या एकदम मागा, शेवटच्या चार उरल्या की निघा, संपल्यावर नाही. रक्ततपासणी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला झालीच पाहिजे, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि मात्रा त्या रिपोर्टवरच ठरते.

१,४०० पैकी मोठा भाग गावातल्या सुई-सलाईनवर जात असेल. अंग दुखलं की लगेच सुई, ही सवय मोडायला हवी. वेदनेच्या काही औषधांचा किडनीवर भार पडतो आणि सिकलच्या रुग्णाची किडनी आधीच नाजूक असते. साधं दुखणं असेल तर पाणी, ऊब, आराम आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं, दम लागणं, डोळे एकदम पिवळे होणं, हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर गावात वेळ न घालवता थेट रुग्णालय. १०८ बोलवा, गाडीभाडं वाचतं.

दुखणं कधी उठतं हे या भागात ठरल्यासारखं आहे. रोवण्याला (धानाच्या लावणीला) दिवसभर चिखलात, अंगावर पाऊस. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना ऊन आणि पाणी कमी. थंडी आणि पाण्याची कमतरता, दोन्हींत लाल पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात. रोवण्यात भाऊंनी रोपांच्या पेंढ्या टाकणं, धुरे (बांध) बघणं असं काम घ्यावं आणि ओले कपडे लगेच बदलावेत. तेंदूला पहाटे जाऊन ऊन चढायच्या आत परत, सोबत दोन लिटर पाणी. दिवसभरात तीन-चार लिटर पोटात गेलं पाहिजे.

दिव्यांग प्रमाणपत्रही काढा, सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. अर्ज ऑनलाइन, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. नुसती गावातली सोल्युबिलिटी चाचणी चालत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या आजार नक्की करणाऱ्या लॅबच्या तपासणीचा रिपोर्ट लागतो. भरतीची डिस्चार्ज कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी सगळ्या न्या, टक्केवारी त्यावर ठरते. प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या वर आलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज टाका. एसटीत सिकलच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे, आगारात कोणता दाखला लागतो ते विचारून घ्या.

धुऱ्यावरून

गोळ्यांचं आजच सांगतो. अजून एक: फायनान्सचा माणूस सकाळी सातला येऊन अंगणात बसतो, त्या कर्जाच्या गटातल्या बायकांनाही घेऊन येतो. आणि सोसायटीचं काय करायचं?

हिशेबवही

आधी वरच्या एका गोष्टीची दुरुस्ती. संजय गांधीसाठी दिव्यांगांना वर्षाला ५०,००० ची उत्पन्न मर्यादा आहे. ९,००० महिना म्हणजे वर्षाला १,०८,०००, हे घर त्यात बसत नाही. ते पैसे हिशेबात धरू नका. प्रमाणपत्र तरीही काढाच, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, तिथे ते लागतं.

सातला येणं चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही. नातेवाईक, शेजारी यांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं, हेही बंद आहे. त्याच नियमांत असंही आहे की घरातल्या सगळ्या कर्जांच्या किस्ती मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. इथे दोन किस्ती आणि सावकार मिळून ४,७५० होतात, निम्मं आहे ४,५००, आणि सोसायटी अजून धरलीच नाही. कर्जाच्या फॉर्मची प्रत मागा आणि त्यात घराचं उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. बरेचदा ते फुगवलेलं असतं.

दुखण्याच्या महिन्यात किस्त जमणार नसेल तर तारखेच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या, डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स जोडा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. दंड लागला तरी तो फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, पूर्ण कर्जावर नाही. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फोन १४४४८.

खात्यातून आपोआप किस्त कापली जात असेल तर लाडकी बहीणचे पैसे त्याच खात्यात येऊ देऊ नका. शिल्लक कमी पडून किस्त परत गेली की बँकही दंड घेते आणि कंपनीही. पोस्टात वेगळं खातं काढून आधार तिथे जोडा.

सोसायटीचं कर्ज सगळ्यात स्वस्त आहे म्हणून ते मागे ढकललं जातं, आणि नुकसान तिथेच होतं. मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंत पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळे व्याज शून्यावर येतं. एक दिवस उशीर झाला की सवलत गेली आणि नवीन पीककर्जही अडलं. सोसायटीच्या गटसचिवाकडून शेवटची तारीख लिहून घ्या. नवं-जुनं करायला (जुनं भरून नवं पीककर्ज उचलायला) सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलू नका, त्यासाठी बचत गटाला महिनाभर आधी सांगून ठेवा.

त्या तारखेची सोय धान विकतानाच होते. २०२५-२६ ला साधारण (कॉमन) प्रतीच्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल होता. खरेदी केंद्रावरच्या नोंदणीला सातबारा, आधार आणि बँक पासबुक लागतं, ते चुरण्याच्या (मळणीच्या) आधीच करून ठेवा. नोंदणी राहिली आणि व्यापाऱ्याला ३०० रुपये कमी भावाने दिलं, तर दहा क्विंटलमागे ३,००० गेले. दुखण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम जवळजवळ तेवढीच आहे.

गटसखी

ताईंना सांगा, पुढच्या बैठकीला पासबुक, दोन्ही फायनान्सची किस्तीची कार्डं आणि सावकाराला दिलेल्या ९०० च्या जेवढ्या नोंदी असतील तेवढ्या घेऊन या. नोंदी नसतील तर कोणत्या महिन्यात कोणासमोर दिले ते आठवून एका वहीत लिहायला आजच बसा, दोघांनी मिळून.