घरगुती कोकणी पदार्थ इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून विकण्याबाबत सल्ला हवा आहे

देवरुखकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. मी आणि माझ्या सासूबाई गेली चार वर्षे देवरुखला घरच्या घरी कोकम आगळ, आमसुले, कुळथाचे पीठ, मेतकूट आणि उन्हाळ्यात फणसपोळी करून विकतो. आतापर्यंतचे आमचे गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईचे नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी. भाच्याने हौसेने इन्स्टाग्रामवर खाते उघडून दिले. त्यावर तीन महिन्यांत साडेसहाशे फॉलोअर जमले, पण ऑर्डरी आल्या फक्त दोन. आता एक गृहस्थ महिना तीन हजार रुपये घेऊन दहा हजार फॉलोअर मिळवून देतो म्हणतात. हा खर्च करावा का?

दुसरे असे की, कुरिअरने पाठवलेल्या आगळाच्या काचेच्या दोन बाटल्या वाटेत फुटल्या आणि त्याच खोक्यातले मेतकूटही वाया गेले, तेव्हा पॅकिंग कसे करावे हेही समजून घ्यायचे आहे. शिवाय बंगळुरूच्या एका ताईंना दहा बाटल्या हव्या आहेत, पण त्यासाठी जीएसटी क्रमांक लागतो असे कुणीतरी सांगितले. आमची वर्षाची विक्री दोन लाखांच्या आतबाहेर असताना हे खरे असेल का?

डोंबिवलीची भाजणी

ताई, तीन हजार रुपये देऊ नका. असे विकत मिळणारे फॉलोअर बहुधा बनावट खाती असतात किंवा ज्यांना आगळ म्हणजे काय हे ठाऊक नाही अशी परमुलखातली माणसे असतात. तुमच्या चित्रफिती ती पाहत नाहीत, आणि मग आपले फॉलोअरच दुर्लक्ष करतात असे दिसल्यावर इन्स्टाग्रामही त्या चित्रफिती पुढे फारशा दाखवत नाही. मी सात वर्षे भाजणी आणि मसाले विकते आहे. माझ्या अनुभवात इन्स्टाग्राम हे नव्या माणसाला दारापर्यंत आणण्यापुरते असते, आणि धंदा चालतो तो व्हॉट्सॲपवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागवणाऱ्यांवर. तुमच्या साडेसहाशेपैकी किती जणांनी नंबर विचारला, हा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप आजच घ्या. त्यात कॅटलॉग करता येतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘पैसे बाकी’, ‘पाठवले’, ‘पुन्हा विचारायचे’ अशी लेबले लावता येतात. मात्र एक मेख ध्यानात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, २५६ जण मावतात, पण ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. मला हे दीड वर्षाने कळले आणि तोवर मी अर्ध्या यादीला हवेतच संदेश पाठवत होते. तेव्हापासून प्रत्येक पार्सलात एक चिठ्ठी घालते, ‘हा नंबर साठवून ठेवा, म्हणजे नव्या मालाची यादी येईल.’

चित्रफितींचे म्हणाल तर तुमच्याकडे जे आहे ते आम्हा शहरवाल्यांना विकतही मिळत नाही. फोडलेली रातांबी (कोकमाची फळे), मीठ घातलेल्या गराला सुटणारा रस, त्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात टाकलेल्या साली आणि तिसऱ्या-चौथ्या पुटानंतर काळपट होत जाणारा त्यांचा रंग, हे सलग वीस-पंचवीस सेकंद दाखवा. वर गाणे नको, सासूबाईंचे बोलणे राहू द्या. पाऊस यायच्या आत साली वाळवायची धांदल दिसली की बाटलीला अमुक किंमत का, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणि हो, किंमत ठरवताना सासूबाईंची मजुरी धरली आहे ना? बहुतेकजणी ती धरत नाहीत.

हिशेबाची वही

बंगळुरूच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण ज्यांनी सांगितले त्यांचे बरोबर आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि बरेच घरगुती विक्रेते एवढे ऐकून निर्धास्त होतात. परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकायचा झाला की ही मर्यादा लागूच होत नाही आणि पहिल्या बाटलीपासून नोंदणी आवश्यक ठरते. हस्तकलेच्या वस्तूंना यात ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे, पण ती खाद्यपदार्थांना नाही. कंपोझिशन योजना (लहान व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) घेऊनही हा प्रश्न सुटत नाही, कारण त्या योजनेतल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. कोकणातले लोक एक गोष्ट हमखास विसरतात. बांद्याच्या पलीकडे, पणजीला पाठवलेले पार्सलही आंतरराज्यच असते.

एकदा नोंदणी घेतली की महाराष्ट्रातल्या विक्रीवरही कर आकारावा लागतो आणि विवरणपत्रे नियमित भरावी लागतात. तेव्हा बाहेरच्या राज्यांतून खरोखर किती मागणी आहे, हे सहा महिने वहीत टिपून ठेवा आणि मग करसल्लागाराकडे जा. केवळ दहा बाटल्यांसाठी हे ओझे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी मात्र विक्री कितीही कमी असली तरी हवीच. लहान व्यवसायासाठी ती ऑनलाइन करता येते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. जिथे पदार्थ तयार होतात त्याच स्वयंपाकघराचा पत्ता त्यात द्यावा. लेबलावर तो क्रमांक, घटकपदार्थ, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ते, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, तुमचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर असावा. मेतकुटात गहू असेल तर तोही स्पष्ट लिहावा, कारण काहीजणांना तो चालत नाही.

खोकी आणि सुतळी

काच सोडा. खाद्यपदार्थांसाठी असलेल्या जाड प्लास्टिकच्या बाटल्या घ्या आणि तोंडावर फॉइलचे सील लावा. आगळ आंबट आणि खारट असल्यामुळे पत्र्याच्या झाकणांना गंज चढतो, म्हणून झाकणही प्लास्टिकचेच हवे. बाटली काठोकाठ भरू नये. प्रत्येक बाटली स्वतंत्र पिशवीत बांधावी, मध्ये पुठ्ठ्याचे खण करावेत, आणि आगळाच्या खोक्यात पिठे कधीही घालू नयेत. माझ्या एका पार्सलात गळलेल्या आगळाने शेजारच्या पार्सलातल्या कुणाच्या तरी साडीवर जांभळट डाग पडले होते आणि तो वाद महिनाभर चालला.

खोके नेमक्या मापाचे निवडा. पुष्कळ कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागून येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. ३०, २५ आणि २० सेंटिमीटरच्या खोक्यात दोन किलोच माल असला तरी आकार तीन किलोंचा होतो. द्रवपदार्थ सगळीकडे घेत नाहीत, म्हणून आत काय आहे हे काउंटरवर आधी सांगावे. लपवून पाठवलेल्या मालाची भरपाई मागता येत नाही.

एकदा फसलेला

पैसे आले का हे बँकेच्या नोंदीत पाहावे, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नये. माझे अकराशे रुपये असेच गेले. लष्करातला अधिकारी असल्याचे सांगून मोठी ऑर्डर देणारा आणि ‘आगाऊ पैसे पाठवतो, फक्त क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्यावा, कारण यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. इन्स्टाग्राम खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक कोड) लावलेली नसेल तर तीही आजच लावावी.

देवरुखकरीण (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना नकार कळवला. बंगळुरूच्या ताईंनाही अडचण प्रामाणिकपणे सांगितली, त्या दिवाळीत पुण्याला माहेरी येतील तेव्हा बोलू म्हणाल्या. भाजणीताई, मजुरी खरोखरच धरलेली नव्हती. ती धरली तर अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे पस्तीस रुपये वाढवावे लागतील असे दिसते आहे. जुन्या गिऱ्हाइकांना हे कसे सांगावे?

चित्रफितीला सासूबाई तयार झाल्या आहेत, मात्र चेहरा दाखवणार नाही, हातच दाखवीन म्हणतात.

डोंबिवलीची भाजणी

किंमत मोसमाच्या तोंडाशी वाढवा, अधेमधे नको. जुन्यांना महिनाभर आधी कळवा आणि तेवढ्या मुदतीत जुन्या दराने मागवू द्या. दोन-चार घरे सुटतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

चेहऱ्याशिवाय काही अडत नाही. हात दाखवताना तेवढ्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवायला सांगा, खाण्याच्या चित्रफितीखाली पहिली टिप्पणी त्यावरच येते.