अनुभव धागा: घरातला मधुमेह, औषधं आणि घरगुती उपाय

रानजाई

परवा भाचीच्या दंडावर चिकटवलेला सेन्सर पाहिला. फोन जवळ नेला की आकडा दिसतो आणि शेजारी बाण, साखर चढतेय की उतरतेय ते सांगणारा. मला एकदम आईची परीक्षानळी आठवली.

आमच्या घरी सकाळी स्पिरिटचा दिवा पेटायचा. नळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फारच झाली असेल तर विटकरी. आम्ही भावंडं दात घासता घासता विचारायचो, "आज कुठला रंग?"

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. म्हणजे निळ्या रंगाच्या मागे ९० असू शकायचे, १७० असू शकायचे, आणि ५० सुद्धा. एवढ्या तोकड्या माहितीवर आईने वर्षानुवर्षं पथ्य सांभाळलं, रोजचं चालणं सोडलं नाही, काचेची सिरिंज उकळून इन्सुलिन घेतलं. सोबत मेथीदाणे आणि कारल्याचा रसही असायचा. कुणी म्हणालं की आता सुई बंद कर, तर तिचं उत्तर ठरलेलं: "रस सांगाल तेवढा पिईन, सुई सोडणार नाही."

तुमच्या घरी कसं आहे? काय उपयोगी पडलं, काय नाही, जमेल तसं लिहा.

चिंगी२

काचेची सिरिंज!! आजोबांची आठवली. सुई बोथट झाली की दगडावर घासून धार लावायचे. आताची सुई टोचलेली कळतसुद्धा नाही.

माळावरचा

बाबांच्या पायांची संवेदना गेली आहे. एकदा बुटात खडा गेला तो दिवसभर कळलाच नाही, संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त. जखम भरायला खूप वेळ लागला. तेव्हापासून घरात नियम आहे. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, रात्री आरसा धरून तळवे बघायचे, गरम पाणी आधी कोपराने तपासायचं. घरातही अनवाणी नाही. दुखत नाही म्हणजे ठीक आहे हे मधुमेहात खरं नसतं, आणि हेच लोकांना पटवणं सगळ्यात कठीण.

ओवी_लिहिते

माझा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. आई आणि मावशी दोघींना आहे, त्यामुळे रिपोर्ट बघून रडूच आलं. डॉक्टरांनी शांतपणे एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं, २००२ मध्ये छापून आलेला. उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन सुमारे सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. हे ऐकून जो धीर आला ना!

मी जेवण झालं की बसत नाही, चालायला जाते. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर उचलतात. आता ५.६ आहे. बाळ उठलं, नंतर लिहिते.

शांतिप्रिय

ओवी, अभिनंदन! धागा वाचत आहे.

निशिगंध७

मी मधुमेहाच्या रुग्णांना आहार आणि इन्सुलिन शिकवते, म्हणून थोडं लांबलचक.

कारलं, मेथी, दालचिनी खायला माझी हरकत नसते. मेथीतल्या तंतूंमुळे साखर रक्तात जरा सावकाश उतरते. पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना रोज पेलाभर कारल्याचा रस घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच. दोन्हींनी मिळून साखर फार खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, डोकं सुन्न, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखाना.

आणि "नैसर्गिक की रासायनिक" हे भांडण मला पटतच नाही. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. युरोपात ते झुडूप जुन्या काळापासून औषधात वापरायचे. नुसतं झुडूप विषारी पडायचं. त्यातल्या द्रव्यावर काम होत होत मेटफॉर्मिन तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना देऊन निष्कर्ष छापले. वनस्पतीतून आलं, पण मात्रा ठरली, तपासणी झाली. पुडीवर काय आणि किती आहे हे लिहिलेलंच नसेल तर मात्र मला भीती वाटते.

चिंगी२

हे गॅलेगाचं माहीतच नव्हतं. आजीला सांगते, ती गोळीला विष म्हणते.

सागरगोटा

सासूबाईंना मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. तळव्यांना मुंग्या येतात. आम्ही मधुमेहामुळेच धरून चाललो होतो, पण नव्या डॉक्टरांनी बी१२ जीवनसत्त्व तपासलं, खूपच कमी निघालं. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत असं होऊ शकतं म्हणे. इंजेक्शनांनंतर पुष्कळ फरक आहे. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी एकदा विचारून घ्या.

माळावरचा

@सागरगोटा, बाबांचंही विचारतो. धन्यवाद.

अवांतर: बोटाला टोचताना मधोमध नाही, कडेला टोचा. कमी दुखतं.

घननिळा

घाईत लिहितेय. पुतण्या दहा वर्षांचा. सारखं पाणी पितोय, रात्री अंथरूण ओलं होतंय, आधी कधी व्हायचं नाही. बारीक झालाय. कालपासून उलट्या. जाऊबाई म्हणतात पोट बिघडलंय, गोड बंद करून बघू. मधुमेह असू शकतो का? एवढ्याशा मुलाला?

निशिगंध७

घननिळा, आत्ता न्या. उद्यावर टाकू नका. टाइप १ असू शकतो, म्हणजे ज्यात शरीर इन्सुलिन बनवेनासं होतं तो मधुमेह. तो लहान मुलांनाही होतो. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साठतं, उलट्या त्याच्या असू शकतात. श्वास जोरात चाललाय का, तोंडाला फळासारखा वास येतोय का बघा, पण वास नसला तरी न्या. पोचल्यावर आधी ग्लुकोज तपासा म्हणून सांगा.

रानजाई

घननिळा, फोन करून जाऊबाईंना रिक्षात बसवा. इथे नंतर लिहा.

शांतिप्रिय

काळजी वाटतेय. कळवा.

ओवी_लिहिते

काही कळलं का?

घननिळा

साखर ४०० च्या वर होती. टाइप १च. अतिदक्षतेत होता, आज वॉर्डात आणलंय. खायला मागतोय, भांडतोय, म्हणजे बरा आहे. जाऊबाई सारख्या म्हणतात की मीच त्याला गोड दिलं म्हणून झालं.

निशिगंध७

किती बरं वाटलं! जाऊबाईंना ठामपणे सांगा, गोड खाल्ल्याने टाइप १ होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. त्यांनी काही केलं म्हणून झालेलं नाही.

रानजाई

माझी भाचीही टाइप १ आहे. शाळा, पोहणं, सहली, सगळं करते. १९२२ च्या आधी या मुलांसाठी उपाशी ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता. त्या वर्षी जानेवारीत टोरंटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं. आज तुमच्या पुतण्यापुढे अख्खं आयुष्य आहे. आणि कुणीही रस, पुडी, मंत्र काहीही सुचवलं तरी त्याचं इन्सुलिन एक दिवससुद्धा थांबवू देऊ नका.

घननिळा

नाही थांबवणार. शाळेत इन्सुलिन कसं ठेवायचं? तिथे फ्रिज नाही.

रानजाई

इन्सुलिनची न उघडलेली पेनं घरी फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको, गोठलं की फेकावं लागतं. चालू पेन बाहेर राहतं, बहुतेक पेनं चार आठवड्यांपर्यंत, पाकिटावर मुदत बघून घ्या. फक्त ऊन आणि बंद गाडी टाळा. भाचीच्या दप्तरात पेन, ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या आणि साखर उतरल्यावर काय करायचं ते लिहिलेला कागद असतो. तोच कागद वर्गशिक्षिकांकडे आणि खेळाच्या सरांकडेही दिलाय. बाकड्यावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही शिकवलंय. कागदाचा मजकूर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवते.